वैशाखातली ओल

फ्रीझरमधून कुपी काढली की ती लगेच उघडायची नाही. नव्या माणसाला आम्ही पहिल्या दिवशी हेच सांगतो. बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी, तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी, आणि वजा वीसच्या थंडीतून ती नुकतीच बाहेर आलेली. तेवढ्यात बूच काढलं तर हवेतली वाफ थंड भुकटीवर जाऊन बसते. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो, तसंच. भुकटी चिकट होते, गोळा होते आणि कामातून जाते. म्हणून कुपी आधी जाड काचेच्या झाकणबंद भांड्यात ठेवायची. भांड्याच्या तळाला ओल शोषून घेणारे सिलिका जेलचे निळे मणी. कुपी खोलीइतकी उबदार झाली की मगच बूच.

मी साधना. मूळ बाभुळगावची, शिक्षण नागपूरला, आणि नोकरी यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत. एका शेडच्या अर्ध्या भागात आमची प्रयोगशाळा आहे. उरलेल्या भागात सरकीचं तेल काढतात, त्याचा वास आमच्या डब्यातल्या पोळ्यांनाही लागतो. आमचं काम एकच होतं: मण्यार चावल्याचं ओळखणारी पट्टी तयार करणं.

मण्यार चावली की बरेचदा खूण दिसत नाही, सूजही येत नाही. माणूस पोट दुखतं म्हणून उठतो. पापण्या जड होतात, आवाज घोगरा होतो, आणि मग श्वासाचे स्नायू हळूहळू थांबतात. डॉक्टरला वेळेत कळलं तर माणूस वाचू शकतो, पण बाहेरून काही दिसत नसताना कळणार कसं? आमच्या पट्टीवर रक्ताचा थेंब टाकला आणि त्यात मण्यारीचं विष असलं, तर जांभळी रेघ उमटायची. ती रेघ उमटवणारं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखं एक रसायन, त्या कुप्यांमध्ये होतं. बाहेरून बनवून आणलेली ती एकच खेप. दुसरी मिळायला दिवाळी उजाडली असती. पट्ट्या पेरणीआधी दवाखान्यांत पोचायला हव्या होत्या. पेरणी सुरू झाली की माणसं वावरात झोपतात, आणि बिळात पाणी शिरलं की मण्यार माणसांत येते.

माझ्यासोबत उज्ज्वला होती, दिग्रसकडची, लॅब टेक्निशियन. हाताला स्थिर, बोलायला कमी. तिचा नवरा अतुल वावरातल्या खोपीत जमिनीवर झोपला होता. सकाळी त्याला डोळे उघडता येईनात. यवतमाळच्या रस्त्यावर, ऑटोत, तिच्या मांडीवर तो गेला. हे तिनं मला एकदाच सांगितलं, पट्ट्या कापता कापता. मी विचारलं, "दम लागत होता का त्यांना?"

"लागत नोहोता मॅडम," ती म्हणाली, "सरत होता."



मे महिना होता. यवतमाळात मे महिन्यात ओला टॉवेल दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतो. ओठ फुटतात, लाकडी दारं आक्रसून कड्या सैल होतात. हवेतली ओल मोजणारं यंत्र आमच्या भिंतीवर होतं, पण त्याच्याकडे बघायचंही आम्ही सोडून दिलं होतं. अशाच एका दुपारी उज्ज्वलानं फ्रीझरमधला डबा टेबलावर ठेवला आणि ती नुसती उभी राहिली.

"काय झालं?"

"मणी गुलाबी झाले मॅडम."

सिलिका जेलचे मणी कोरडे असेपर्यंत निळे राहतात. ओल प्यायले की गुलाबी होतात. कुप्या झिपच्या पिशवीत, पिशवीत मण्यांची पुडी, पिशवी रबरी कडेच्या घट्ट डब्यात, आणि डबा फ्रीझरमध्ये. पावसाळ्यातही ते मणी महिनोन्‌महिने निळे राहायचे.

"कूलर लावला होता कोणी?" मी विचारलं. त्या खोलीत एसी चालतो. कूलर आणायला सक्त मनाई. कूलर पाण्याची वाफ हवेत सोडतो.

"कूलर तर पलीकडे ऑफिसात हाय. इथं कोन आणते?"

मी मणी बदलले. पिशव्या नव्या घेतल्या, डब्याच्या कडेला टेपही लावली. दोन-चार दिवसांनी पाहिलं, तर मणी पुन्हा गुलाबी. एका कुपीतली भुकटी तळाला चिकटून काचेसारखी झाली होती. कुपीचं बूच पक्कं होतं, सील जसंच्या तसं. मी ती कुपी उजेडात धरून बराच वेळ फिरवत राहिले.

त्याच दिवशी मला दाराच्या आतलं दव दिसलं.

आमचा फ्रीझर उभा, माझ्यापेक्षा थोडा उंच, भरीव दाराचा. आपोआप बर्फ वितळवणारा नाही. तसले फ्रीझर मधूनमधून स्वतःला तापवतात आणि त्या चढउतारात कुप्या खराब होतात. त्यामुळे आत थोडं हिव जमणं नेहमीचंच. ते भिंतींवर जमतं, मागच्या नळ्यांवर जमतं. हे मात्र दाराच्या आतल्या बाजूला होतं, रुंदीच्या बरोबर मध्यावर, आणि तेवढ्याच जागी. तळव्याएवढा गोल, कडेला विरत गेलेला. आरशावर तोंडानं हा केलं की उमटतो तसा. माझ्या तोंडाच्या उंचीवर.

मी तो कोरड्या फडक्यानं पुसला. जेवून आले आणि दार उघडून पाहिलं. गोल परत होता.

यवतमाळहून नागोरावांना बोलावलं. कुल्फीवाल्यांचे आणि औषधदुकानांचे फ्रीझर दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी दाराच्या चारही बाजूंनी कागदाची पट्टी अडकवून ओढून बघितली. पट्टी कुठेच सुटली नाही. तरी त्यांनी दाराचं रबर बदललं.

"रबर गेलं तं बर्फ कडेले जमते मॅडम," ते म्हणाले. "हा मधातच काहून?"

त्यांनी त्या गोलावर पालथी बोटं ठेवली आणि लगेच काढली. मग पुन्हा ठेवली. त्यांचा चेहरा गोंधळल्यासारखा झाला.

"बाकीचं दार थंडं हाय," एवढंच बोलून ते हत्यारं पिशवीत भरू लागले. चहा घेतला नाही. मी बोटं लावून पाहिली नाही. कामं खूप होती.

माणूस अशा वेळी माणसावरच संशय घेतो. मीही घेतला. उज्ज्वला माझ्या आधी यायची. एकदा मी दारातून आत आले तेव्हा ती फ्रीझरच्या अगदी जवळ उभी होती, कपाळ दाराला टेकवून. मला बघताच बाजूला झाली. दाराला कपाळ टेकवणारी बाई दार उघडतही असेल, उघडून उभी राहत असेल, तिचा श्वास आत जात असेल. सगळ्या गोष्टी जुळत होत्या. मी फ्रीझरला कुलूप लावलं आणि चावी माझ्या गळ्यातल्या साखळीत ओवली.

तिनं ते पाहिलं. दिवसभर पट्ट्या कापत राहिली. निघताना दारात थांबली.

"तुमाले वाट्टे मी उघडून पाह्यते?"

"उज्ज्वला, एवढीच खेप आहे आपल्याकडे."

"मले माहीत नाई का मॅडम ते? मले नाई तं कोनाले माहीत राहीन?" तिचे डोळे कोरडे होते. "मी उघडत नाई. मी आयकते."

"काय ऐकतेस?"

रिक्षाचा आवाज आला तशी ती गेली.

कुलपाआडही मणी गुलाबी होत राहिले. मी रोज सकाळी कुलूप काढायचे, दार झटकन उघडून गोल पुसायचे, डब्यातले मणी बदलायचे आणि दार लावायचे. गोल तेवढाच असायचा. फक्त आता तो सकाळी ओला असायचा. वजा वीसच्या फ्रीझरमध्ये, लोखंडी दारावर, पाणी. मी ते बोटावर घेतलं. कोमट होतं.

नागपूरला आमचे सर होते, या कामाचे प्रमुख. त्यांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसरा फ्रीझर पाठवतो म्हणाले. गाडी दुसऱ्या दिवशी निघणार होती.

त्या दुसऱ्या दिवशीच दुपारी वावधान आलं. आधी आभाळ मातीच्या रंगाचं झालं, मग पत्रे वाजायला लागले. पाऊस नाही, नुसती धूळ आणि वारा. रस्त्यावरचा खांब पडल्याचा आवाज आम्हाला आत ऐकू आला. दिवे गेले. एसी थांबला. पलीकडची तेलाची मशीन थांबली. फ्रीझरची घरघर थांबली.

जनरेटर सुरू होईना. तेलवाल्यांचा माणूस येऊन खटपट करून गेला. मी आणि उज्ज्वला फ्रीझरसमोर उभ्या राहिलो. अशा वेळी करायचं काम एकच असतं: दार उघडायचं नाही. दार बंद राहिलं तर आतली थंडी संध्याकाळपर्यंत टिकते. एकदा उघडलं, की बाहेरची ऊन हवा आत शिरते आणि थंड डब्यांवर पाणी धरतं.

वारा थांबला. खोलीत कधी नव्हे अशी शांतता होती. तेवढ्यात दाराचं रबर आत ओढलं गेल्याचा बारीक आवाज आला.

यालाही कारण आहे. आतली हवा थंड होऊन आकसली की दार आत ओढलं जातं. पण फ्रीझर बंद होता. आतली हवा आता थंड होत नव्हती, तापत होती.

रबर सैल झालं.

मग पुन्हा आत ओढलं गेलं.

मी खाली वाकून पाहिलं. कुलपाची कडी आम्हा दोघींपैकी कुणी न हलवता हलत होती. किंचित आत, किंचित बाहेर. सावकाश. झोपलेल्या माणसाच्या छातीवर ठेवलेला हात हलतो तशी.

"मॅडम," उज्ज्वला म्हणाली. तिचा आवाज फार हळू होता. "चावी द्या."

"नाही."

"ते दम घेऊन राह्यले. आत हवा सरली की काय करतीन ते?"

"आत कोणी नाही उज्ज्वला. आत डबे आहेत."

"मंग हे काय हाय?"

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. पाठीला रबराची हालचाल जाणवत होती. तिनं माझ्या गळ्यातल्या साखळीला हात घातला. मी तिचं मनगट धरलं. आम्ही दोघी घामानं भिजलो होतो, आणि कुणीच ओरडत नव्हतं.

"एक डाव त्यायचा दम सरला माह्या मांडीवर," ती म्हणाली. "मी पाहत बसली. आता नाई पाहनार मी."

"या पट्ट्या झाल्या नाहीत तर आणखी कितीजणींच्या मांडीवर सरेल, सांग मला. सांग!"

ती थांबली. हात साखळीवर तसाच.

मागे श्वास जलद झाला.

आता तो ऐकायला कान लावावा लागत नव्हता. आत जाताना घसा घासल्यासारखा, बाहेर येताना ओला. दाराच्या कडेतून एक ऊन झुळूक माझ्या मानेला लागली.

उज्ज्वलानं साखळी सोडली. ती माझ्या शेजारी आली आणि दाराला कान लावला. डोळे मिटले. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती रडेल असं मला वाटलं. तिचं नाव घेऊन आतून कुणी हाक मारेल, असंही एक क्षण वाटून गेलं.

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"हे ते नाई," ती म्हणाली.

"काय?"

"त्यायचा दम मले ओळखू येते मॅडम. अंधारात येते. हे ते नाई. हे मानसाचं..."

ती माझ्यासारखीच दाराला पाठ लावून उभी राहिली. पाय फरशीत रोवले, सगळं वजन मागे टाकलं.

"उघडू नका," ती म्हणाली.

दार आतून दाबलं गेलं नाही. धडक नाही, ओरखडा नाही. फक्त श्वास. जलद, मग आणखी जलद.

मग मंद.

मग दोन श्वासांमध्ये इतका वेळ जाऊ लागला, की आम्ही दोघीही आपला श्वास रोखून वाट बघायला लागलो.

मग तो आलाच नाही.

आम्ही तशाच उभ्या होतो, घामानं दाराला चिकटलेल्या, आणि बाहेर ऊन उतरत होतं. दिवे आले तेव्हा फ्रीझर एकदा थरथरला आणि नेहमीसारखा घरघरू लागला.

सरांनी पाठवलेली गाडी पडलेल्या खांबांमुळे उशिरा पोचली. कुप्या हलवण्यासाठी मी कुलूप काढलं. दाराची आतली बाजू कोरडी होती. डब्यांमधले सगळे मणी निळे. मी एक कुपी काचेच्या भांड्यात ठेवून उबेला येऊ दिली आणि उघडली. भुकटी कापसासारखी मोकळी होती. आधी गेल्या त्या कुप्या सोडल्या, तर पुढे एकही बिघडली नाही. जुना फ्रीझर आम्ही बंद करून मागच्या शेडमध्ये ठेवला, दार सताड उघडं टाकून.

पुढचे दिवस आम्ही दोघींनी पट्ट्या बनवल्या. मी साखळीतली चावी काढून टेबलावर, उघड्यावर ठेवली. उज्ज्वलानं माझ्या डब्यात ठेच्याचा गोळा ठेवला. पट्ट्या मृगाआधी दवाखान्यांत पोचल्या.

पहिली खबर दिग्रसकडून आली. तांड्यावरची मैनाबाई, वावरात निजलेली, पोटात दुखतं म्हणून सकाळी दवाखान्यात आणलेली. अंगावर कुठे खूण नाही. पट्टीवर रेघ उमटली. औषध तिथेच सुरू झालं. मध्ये तिचा श्वास थांबला होता. यवतमाळला नेताना रस्ताभर नर्सनं तोंडावर धरलेली श्वासाची पिशवी दाबून हवा दिली. आणि बाई वाचली. सरांचा फोन आला तेव्हा मी तो स्पीकरवर टाकला. उज्ज्वला बाहेर जाऊन पायरीवर बसली. बऱ्याच वेळानं आत आली, नाक लाल, आणि म्हणाली, "चला, उरलेल्या पट्ट्या पॅक करू."

बाई घरी परतल्यावर तिची विचारपूस करून यायचं काम माझ्याकडे आलं. उज्ज्वला स्वतःहून सोबत आली. आम्ही एसटीनं दिग्रसला उतरलो आणि ऑटोनं तांड्यावर गेलो. पाऊस होऊन गेला होता, सरकी टोबून पेरणी झाली होती, वाटेवर चिखल होता.

मैनाबाई ओसरीत बसली होती. पन्नाशीची, काटक, हातात पांढऱ्या पाटल्या. आम्ही कोण हे कळल्यावर तिनं माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. सुनेला चहा टाकायला सांगितलं. चूल ओली होती, धूर ओसरीत येत होता. मी नेहमीचे प्रश्न विचारले. डोळ्यांना नीट दिसतं का, गिळताना अडतं का, हातापायात जोर आहे का.

"काईच तरास नाई बाई," ती म्हणाली. "उलटं बरं झालं. पयले चूल फुकू फुकू दम लागे मले. आता लागतच नाई. दिवसभर निंदन केलं तरी लागत नाई."

मी हसले. उज्ज्वलाकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ओसरीच्या खांबाला धरून उभी होती आणि मैनाबाईच्या पदराकडे बघत होती.

मीही तिकडे पाहिलं.

मैनाबाई बोलत होती. दवाखान्याचं, नर्सचं, नातवाचं. बोलणं भरभर चाललं होतं, एका वाक्यातून दुसऱ्यात, न थांबता. पदराखाली तिची छाती मात्र संथपणे वर होत होती आणि खाली येत होती. शब्दांशी त्या हालण्याचा काही संबंध नव्हता.

बोलून बोलून तिला तहान लागली. तिनं शेजारचा लोटा उचलला, ओठांना लावला आणि एका दमात पिऊ लागली. गळा घटाघट हलत होता. लोटा पार रिकामा होईपर्यंत तिनं तो तोंडावरून काढला नाही.

तेवढा सगळा वेळ तिची छाती, त्या दुपारी कुलपाची कडी हलत होती त्याच लयीत, सावकाश, वर आणि खाली होत राहिली.